आयरिश स्त्रियांचीं माहेरें व जळालेली खानेसुमारी

दप्तर जळालें म्हणजे त्यांतील मजकूर कायमचा गेला, असें आपण सामान्यतः धरून चालतों. परंतु नष्ट झालेल्या कागदाचा उतारा कधीं कधीं अगदीं निराळ्या कामासाठीं कोणी करून ठेविलेला असतो, व पुढें तोच मूळाच्या जागीं प्रमाण होऊन बसतो. आयर्लंडांतील स्त्रियांच्या घरादाराचा इतिहास शोधूं जातां याचें एक ठळक उदाहरण आढळतें. जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्यांस तें उपयुक्त वाटेल, म्हणून त्याचा परामर्श येथें घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम काय नष्ट झालें तें पाहूं. आयर्लंडांत १८२१ पासून दर दहा वर्षांनीं खानेसुमारी होत असे. त्यांपैकीं ६ जून १८४१ व ३० मार्च १८५१ या दोन गणना विशेष महत्त्वाच्या. कारण त्यांच्या मध्यें बटाट्याच्या रोगानें ओढवलेला महादुष्काळ येतो. पहिलींत लोकसंख्या ८१,७५,१२४ भरली, दुसरींत ६५,५२,३८५. सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं व जवळजवळ तितकींच परदेशीं गेलीं. १८५१ च्या पत्रकांत घरांतील हजर माणसांखेरीज परगांवीं गेलेल्यांची, तसेंच मागील गणनेनंतर त्या घरांत मेलेल्यांचीही नांवनिशी मागितली होती. म्हणजे दुष्काळानें कोणत्या घरांतून कोण नेलें, याची घरवार यादीच ती!

हीं पत्रकें डब्लिन येथें फोर कोर्ट्स या न्यायमंदिराच्या आवारांतील सरकारी दप्तरखान्यांत ठेविलीं होतीं. १९२२ च्या यादवी युद्धांत ३० जून रोजीं तेथें स्फोट होऊन आग लागली व कांहीं तुटक भाग वगळतां १८२१ ते १८५१ पर्यंतच्या चारही गणना भस्म झाल्या. १८६१ व १८७१ चीं पत्रकें सरकारनें त्यापूर्वींच नष्ट केलीं होतीं, आणि १८८१ व १८९१ चीं पहिल्या महायुद्धाच्या काळांत रद्दींत गेलीं. संपूर्ण देशाचीं घरवार पत्रकें आज उपलब्ध आहेत तीं १९०१ पासूनचींच.

आतां या नाशांतून काय वांचलें तें पाहूं. १९०८ सालीं वृद्धांस पेन्शन देण्याचा कायदा झाला. सत्तर वर्षें पुरीं झालेल्या गरीब माणसास १ जानेवारी १९०९ पासून आठवड्यास जास्तींत जास्त पांच शिलिंग मिळूं लागले. परंतु वय सिद्ध कसें करावयाचें? सर्व जन्मांची सरकारी नोंद आयर्लंडांत १८६४ पर्यंत सुरूच झाली नव्हती. कित्येकांनीं ६ जानेवारी १८३९ च्या रात्रींचें प्रचंड वादळ आपणांस आठवतें, असें सांगून वय पटविलें. इतरांसाठीं सरकारी कारकुनांनीं १८४१ व १८५१ चीं पत्रकें चाळलीं. अर्जदाराचें नांव लहानपणीं यादींत आहे कीं नाहीं, एवढाच प्रश्न असे. या शोधासाठीं हिरव्या रंगाचे जे छापील नमुने भरून घेतले, ते जळालेल्या दप्तराबाहेर राहून टिकले. आज ते डब्लिन व बेलफास्ट येथील दप्तरखान्यांत पाहावयास मिळतात.

स्त्रियांच्या इतिहासाच्या दृष्टीनें या हिरव्या कागदांचें मोल कशांत आहे? पन्नास वर्षें सासरीं नांदलेल्या, नातवंडांनीं वेढलेल्या म्हातारीचें वय तिच्या सासरच्या घरावरून सिद्ध होत नव्हतें. तिला माहेरीं परत जावें लागे; पायांनीं नव्हे, स्मृतीनें. बापाचें नांव, आईचें नांव व तिचें माहेरचें आडनांव, परगणा, पॅरिश आणि ‘टाउनलँड’ म्हणजे आपण वाडी म्हणूं तेवढा जमिनीचा विभाग, इतकें सर्व तिनें सांगावयाचें. यादी सांपडली तर कारकून त्या घरांतील माणसांचीं नांवें व वयें कित्येकदां उतरून घेई. अशा रीतीनें एका लहान कागदावर अर्जदार स्त्री, तिची आई व आईचें माहेरचें कूळ यांचा धागा बांधला गेला. पांच शिलिंगांची गरज नसती, तर हा धागा कोणी लिहून ठेवला नसता.

मात्र हें साधन डोळे मिटून घेण्यासारखें नाहीं. अर्जदाराच्या कथनांत वय वाढविण्याचा हेतु असूं शकतो. १९०१ व १९११ चीं पत्रकें ताडून पाहिलीं तर दहा वर्षांत दहाहून पुष्कळ अधिक वर्षांनीं म्हातारीं झालेलीं माणसें जागोजाग भेटतात. त्याचें कारण बहुतांशीं हें पेन्शनच होय. नैयायिकांची आप्ताची व्याख्या येथें उपयोगी पडते. वयाविषयीं अर्जदार आप्त नव्हे, कारण तेथें स्वार्थ आहे. परंतु आईबापांचीं नांवें व वाडी याविषयीं ती आप्तच होय. तेथें खोटें सांगून शोध फसला असता व नुकसान तिचेंच झालें असतें. कारकुनानें उतरलेली माहिती मूळावरून घेतलेली असल्यामुळें तिचें बळ अधिक. ‘सांपडलें नाहीं’ असा शेरा मिळालेला कागदही टाकाऊ नव्हे. सरकारच्या यादींत नसलेलें माहेर तेथें तिच्या सांगण्यावरून उरलें आहे.

याच्या जोडीस १९११ चें पत्रक घ्यावें. त्यांत विवाहित स्त्रीस तीन प्रश्न होते: लग्नास किती वर्षें झालीं, जिवंत जन्मलेलीं मुलें किती, व त्यांपैकीं आज हयात किती. विधवांकडून ही माहिती मागितलेली नव्हती. तथापि कांहींनीं ती भरली आणि गणना करणारांनीं तिच्यावर रेघ ओढली. रेघेखालचे आंकडे आजही वाचतां येतात. समजा, एका बाईस दहा मुलें झालीं, आठ हयात आहेत, आणि घरांत दोनच आहेत. उरलेलीं सहा कोठें? कोणी जवळच स्वतंत्र बिऱ्हाड केलें असेल, कोणी अमेरिकेस वा इंग्लंडास गेलें असेल. दुष्काळानंतरच्या काळांत आयर्लंडांतून देशांतर करणाऱ्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया, व त्यांत अविवाहित मुली पुष्कळ, होत्या. एका मुलास जमीन व एका मुलीस हुंडा दिल्यावर इतरांस घरीं पुरेसें उरत नसे. त्याच पत्रकांत भाषेचाही रकाना आहे. त्यांत कित्येक घरीं आजीपुढें आयरिशची नोंद व नातवंडांपुढें रकाना रिकामा, असें दिसतें.

हिरवा कागद व १९११ चें पत्रक एकत्र वाचलें म्हणजे आईच्या माहेरापासून अर्जदाराच्या नातवंडांपर्यंत चार पिढ्या एका ओळींत येतात. राजांच्या वंशावळी जपणारे पुष्कळ; शेतकऱ्याच्या घरच्या स्त्रीची वंशावळ येथें अर्जाच्या निमित्तानें जपली गेली. २०२२ सालीं, आगीस शंभर वर्षें झालीं तेव्हां, जळालेल्या दप्तराचे जगभर विखुरलेले उतारे व नकला एकत्र करून सर्वांस विनामूल्य खुल्या करण्यांत आल्या. त्या उद्योगाचें तत्त्वही हेंच, कीं मूळ गेलें तरी त्यावरून झालेलीं कामें मागें राहतात.

म्हणून संग्राहकांस आमची एवढीच सूचना आहे. जुना रुमाल सोडतांना सनदा व खलिते निवडून अर्ज, पावत्या आणि नामंजुरीचे शेरे बाजूस टाकूं नयेत. स्त्रियांचीं नांवें बहुधा त्यांतच असतात.