संघ कोणत्या नावाने? मेलबर्न १९०९ आणि मुंबई १९१२

ऑस्ट्रेलियात आइस हॉकी, हे ऐकायलाच विचित्र वाटते. मेलबर्न-सिडनीत तळी गोठण्याइतकी थंडी पडत नाही. हा खेळ तिथे आला तो यंत्राच्या जोरावर. १९०६ च्या जूनमध्ये मेलबर्नला ग्लेशियारियम हे कृत्रिम बर्फाचे सभागृह उघडले. पुढच्याच महिन्यात स्थानिक खेळाडूंचा ‘यूएसएस बाल्टिमोर’ या अमेरिकी युद्धनौकेच्या खलाशांशी सामना झाला आणि १-१ असा बरोबरीत सुटला. १९०७ मध्ये सिडनीलाही ग्लेशियारियम झाले. १९०९ मध्ये न्यू साउथ वेल्सचा संघ मेलबर्नला आला. तीन सामन्यांची ही पहिली आंतरराज्य मालिका यजमान व्हिक्टोरियाने २-१ ने जिंकली. पुढे या लढतींना व्हिक्टोरियाचे खेळाडू जॉन गुडॉल यांच्या नावाचा करंडक मिळाला. तो आजही दिला जातो.

या दोन राज्यांचे वैर जुनेच. १९०१ मध्ये सहा वसाहतींचे एक राष्ट्र झाले, पण राजधानी सिडनी की मेलबर्न यावर एकमत होईना. शेवटी कॅनबेरा हे नवे शहर वसवावे लागले. तरीही बर्फावर हरलेला माणूस परका ठरत नव्हता. तो फक्त शेजारच्या राज्याचा होता.

त्याच काळात मुंबईत काय चालले होते? १९०७ मध्ये युरोपियन, पारशी आणि हिंदू असे तिरंगी क्रिकेट सामने सुरू झाले. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला आणि ते चौरंगी झाले. १९३७ पासून ‘इतरां’चा पाचवा संघ आला. त्यातून सांगलीचे ख्रिस्ती विजय हजारे खेळले. लोक गर्दी करत, खेळही उत्तम होई. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुस्लिम संघाने हिंदू संघाला एका गड्याने हरवले, त्याचा आनंद खराच होता. पण संघाचे नावच धर्माचे असल्यावर प्रत्येक जय-पराजय जमातीच्या खात्यात जमा होतो. १९४० मध्ये गांधीजींनी या सामन्यांना विरोध केला तो याच कारणाने. १९४६ मध्ये ते बंद पडले.

ऑस्ट्रेलियाला आदर्श मानण्याचे मात्र कारण नाही. १९०१ मध्येच तिथल्या नव्या संसदेने आशियाई माणसांना रोखणारा कायदा केला. अॅडलेडची मशीद त्याआधीची, १८८८-८९ ची. वाळवंटात उंटांवरून माल वाहणाऱ्या अफगाण, बलुच, पंजाबी मुसलमानांनी ती उभारली. त्यांच्या श्रमाची देशाला गरज होती, पण बरोबरीचे नागरिक म्हणून त्यांना जागा नव्हती. म्हणजे प्रदेशाच्या नावाचा संघही, दार कोणासाठी उघडे आहे यावरच मोजावा लागतो.

आपल्याकडे १९३४ मध्ये सुरू झालेल्या रणजी स्पर्धेने प्रांताचा पर्याय दिला. के. सी. इब्राहिम आणि विजय मर्चंट तिथे एकाच मुंबई संघातून खेळत, पंचरंगीत मात्र ते वेगवेगळ्या छावण्यांत असत. माणसे तीच, खेळ तोच, शहरही तेच. बदलत होते ते फक्त संघाचे नाव, आणि त्याबरोबर प्रेक्षक कोणाला आपले म्हणणार हेही.