बाणकोटची व्हिक्टोरिया कोण?

मुंबईहून अलिबागला निघालं की वडखळनंतर अंबा नदीवरचा पूल लागतो. हे धरमतर. पाटी वाचून आपण सुसाट पुढे जातो, पण त्यातला 'तर' हा अगदी साधा मराठी शब्द आहे. नदी किंवा खाडी जिथे होडीने ओलांडतात ती जागा म्हणजे तर. पूल झाला, नावातली तर तशीच राहिली. इंग्रजांकडेही हीच तऱ्हा! ऑक्सफर्ड म्हणजे बैलांना पाण्यातून पलीकडे नेण्याचा उतार. विद्यापीठ वगैरे नंतरचं.

आता धरमतरवरून किनाऱ्याने दक्षिणेला जात राहा. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर... आणि शेवटी बागमांडला. रायगड जिल्हा इथे संपतो. सावित्रीच्या खाडीवर इथे अजूनही खरीखुरी तर आहे, फक्त ती आता गाड्यासुद्धा नेते आणि तिला सगळे फेरी म्हणतात. पलीकडे वेसवी, आणि खाडीच्या तोंडाशी बाणकोटचा छोटासा जांभ्याचा किल्ला. आपल्याकडे याचं नाव हिंमतगड. इंग्रजांच्या कागदपत्रांत मात्र फोर्ट व्हिक्टोरिया.

व्हिक्टोरिया म्हणजे राणी, अजून कोण? मुंबईकराच्या तोंडात हे उत्तर तयारच असतं. व्हीटी तिची, राणीची बाग तिची, व्हीजेटीआयमधला व्ही पण तिचाच होता. पण जरा तारखा बघा. बाणकोट इंग्रजांकडे आलं १७५५-५६ मध्ये आणि त्याच सुमारास किल्ल्याला हे नाव मिळालं. राणीचा जन्म १८१९ चा, गादीवर आली १८३७ मध्ये. म्हणजे किल्ल्याचं हे नाव राणीपेक्षा साठेक वर्षांनी मोठं! ही व्हिक्टोरिया म्हणजे लॅटिनमधला विजय, बस्स.

विजय कुणावर? इथे गोष्ट जरा कडू होते.

नानासाहेब पेशवे आणि तुळाजी आंग्रे यांचं फाटलं होतं. आंग्र्यांच्या आरमाराने कंपनीच्या व्यापाराचीही झोप उडवली होती. मग पेशव्यांनी चक्क कंपनीशी हातमिळवणी केली. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला आणि काही दिवसांतच बाणकोटही पडलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह (हो, प्लासीवाला क्लाइव्ह, प्लासी पुढच्याच वर्षी) विजयदुर्गावर चालून आले. तिथल्या बंदरात तुळाजीचं आरमार जळून खाक झालं. तुळाजी पेशव्यांच्या हाती लागला आणि कैदेतच मेला.

विजयदुर्ग हाती आल्यावर इंग्रज तो सोडेनात. शेवटी ऑक्टोबर १७५६ च्या तहात त्यांनी तो पेशव्यांना दिला आणि बदल्यात बाणकोट व आसपासची काही गावं पक्की करून घेतली.

म्हणजे बघा, मराठ्यांचं सगळ्यात जबरदस्त आरमार मराठ्यांच्याच मदतीने बुडालं आणि त्या 'विजया'ची पाटी आपल्याच किल्ल्यावर लागली. पेशव्यांची बाजू मला समजते, तुळाजी काही साधा माणूस नव्हता. पण समुद्र गेला तो गेलाच. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला तेव्हा त्याचंही बारसं केलं, फोर्ट ऑगस्टस! पुन्हा लॅटिन. पुढच्याच वर्षी तो किल्ला कोल्हापूरकरांना परत गेला म्हणून ते नाव टिकलं नाही, नाहीतर मालवणात आपण कुठल्या किल्ल्याचं तिकीट काढलं असतं कोण जाणे.

बाणकोटची चलती तशी थोडीच वर्षं. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर दक्षिण कोकणचं मुख्य ठाणं इथेच होतं, पण १८२२ मध्ये ते रत्नागिरीला हललं. साहेब गेला, कचेरी गेली आणि बाणकोट पुन्हा खाडीकाठचं शांत गाव झालं.

व्हीटीचं नाव बदलायला १९९६ उजाडावं लागलं. १९९७ मध्ये व्हीजेटीआयचं नामांतर करताना तर आद्याक्षरं तीच राहतील अशी खबरदारी घेतली गेली (व्हिक्टोरियाच्या जागी वीरमाता, ज्युबिलीच्या जागी जिजाबाई, मानलं बुवा). बाणकोटला असली काहीच खटपट करावी लागली नाही, कारण गावाने ते नाव कधी तोंडात घेतलंच नाही. उलट साहेबाच्याच भाषा-सर्वेक्षणात ग्रिअर्सनने इथल्या बोलीची नोंद केली ती 'बाणकोटी' म्हणून.