वनस्पतींचे वैद्य : डॉ. यशवंत लक्ष्मण नेने

पालीच्या पंचक्रोशीत भाताचे पान तांबूस पडले की ‘रोग पडला’ एवढे म्हणून स्वस्थ बसण्याची आम्हां कोकणवासीयांस जुनी सवय आहे. रोगाचे मूळ कोठे आहे, आणि त्याच्याशी झुंजण्याचे काही सामर्थ्य खुद्द पिकाच्या अंगी आहे की नाही, हा विचार क्वचितच होतो. हाच विचार ज्यांनी आयुष्यभर केला, त्या डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांच्या कार्याचा परिचय आमच्या सभासद कुटुंबांस करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

नेने हे आडनाव कोकणास परके नाही. यशवंतरावांचा जन्म मात्र 1936 साली शिंद्यांच्या ग्वाल्हेरीत झाला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट 1960 साली मिळवून ते स्वदेशी परतले आणि हिमालयाच्या पायथ्याशी, पंतनगर येथे नव्यानेच स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात रुजू झाले.

त्या तराई प्रदेशात भाताची रोपे खुजी राहत, आणि पानांवर काताच्या रंगाचे डाग पडत. लोक या रोगास ‘खैरा’ म्हणत. एखादी बुरशी किंवा जंतू हेच त्याचे कारण असावे, असे कोणासही वाटले असते. नेन्यांनी 1966 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले की, येथे जंतू नाहीच; जमिनीतून रोपास जस्त मिळत नाही, एवढेच त्याचे कारण आहे. हेक्टरी 5 किलो झिंक सल्फेट आणि 2.5 किलो चुना पाण्यात मिसळून फवारावा, असा सोपा उपाय पुढे रूढ झाला. निदान अचूक असेल तर औषध किती स्वस्त पडते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

पुढे 1974 साली ते हैदराबादेजवळील पाटणचेरू येथे इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत गेले. हरभरा आणि तूर ही गरिबाच्या ताटातील डाळीची पिके त्यांच्याकडे आली. या दोन्ही पिकांना मर रोग ग्रासतो. बुरशी मातीतून मुळांत शिरते, पाणी वर चढण्याचा मार्ग बंद होतो आणि उभे झाड वाळते. हरभऱ्याच्या मरीची बुरशी तर, हरभरा न पेरताही, जमिनीत सहा वर्षे तग धरते असे नेने व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. अशा शत्रूस फवारणीने मारणे दुरापास्त. म्हणून त्यांनी उलट मार्ग धरला. एक शेत मुद्दाम रोगट केले, तेथे नानाविध वाण पेरले, आणि जे झाड जगले त्याचेच बी पुढे नेले.

तुरीच्या वांझ रोगात झाड हिरवेगार दिसते, परंतु फुलत नाही. हा रोग डोळ्यांस न दिसणारा एक सूक्ष्म कोळी पसरवितो. त्यामागील विषाणूची ओळख 2000 सालापर्यंत पटली नव्हती. परंतु तेवढ्यासाठी नेने थांबले नाहीत. रोगट पान निरोगी रोपाच्या पानास कागद टाचण्याच्या यंत्राने टाचावे, म्हणजे कोळी आपोआप पलीकडे जातात आणि रोपाची परीक्षा होते, ही युक्ती त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने 1976 साली मांडली. अशा परीक्षांतून रोगास न जुमानणारे वाण हाती आले. मरीस दाद न देणारी ‘मारुती’ तूर 1986 साली प्रसारित झाली. मर व वांझ या दोहोंस तोंड देणारी ‘आशा’ 1993 साली आली.

1994 साली त्यांनी सिकंदराबाद येथे एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशन ही संस्था स्थापिली. ऑक्सफर्डच्या ग्रंथालयातील सुरपालकृत ‘वृक्षायुर्वेद’ या संस्कृत ग्रंथाची प्रत मिळवून, नलिनी साधले यांच्या इंग्रजी भाषांतरासह 1996 साली प्रसिद्ध केली. 2018 साली हा कर्मयोगी दिवंगत झाला.

या चरित्रातून आमच्या मनावर एक गोष्ट ठसते. रोगास तोंड देण्याचे सामर्थ्य शास्त्रज्ञ नव्याने घडवीत नसतो. ते कोठल्यातरी वाणात आधीच असते, आणि शोधणाऱ्यास ते सापडते. मात्र त्यासाठी तो वाण शिल्लक असावा लागतो. आमच्या घराघरांतील कणगीत व मडक्यांत भात, नाचणी, कुळीथ, पावटा यांचे जे वडिलोपार्जित बी आहे, त्यात उद्याच्या एखाद्या रोगाचे उत्तर दडलेले असू शकेल. बाजारचे बी आणले म्हणून जुने टाकून देऊ नये. मूठभर तरी दरसाल पेरून राखावे. आणि ज्या घरी बुद्धिमान मुलगा वा मुलगी असेल, तेथे वनस्पतिशास्त्र हा विषय कमी प्रतीचा मानू नये, एवढीच आमची विनंती आहे.