हॅलोविन : दारात आलेला काय देऊन जायचा?

हॅलोविन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोरलेला भोपळा, भुतांचे मुखवटे आणि खाऊची थैली घेतलेली अमेरिकी मुले येतात. कुणी याला सैतानाचा सण म्हणते, कुणी निव्वळ मौज. त्याचा इतिहास वाचताना मला मात्र वेगळ्याच गोष्टीने धरून ठेवले. शेकडो वर्षे या दिवसांत लोक एकमेकांच्या दारात जात आले. पण दारात आलेला काय घ्यायचा आणि बदल्यात काय द्यायचा, हे पिढ्यांगणिक बदलत गेले.

मी भाषा शिकवतो, म्हणून आधी शब्द. यातल्या ‘हॅलो’चा फोनवरच्या हॅलोशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ संत. हॅलोविन म्हणजे सर्व संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या. १ नोव्हेंबरचा हा संतदिन नवव्या शतकात पश्चिम युरोपात रुजला. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये त्याच सुमारास ‘साविन’ नावाचा हिवाळ्याच्या आरंभाचा सण असे. उन्हाळी कुरणांवरची गुरे तेव्हा घरी परतत. तिथल्या जुन्या गणनेत दिवस सूर्यास्ताला सुरू होई. हे आपल्याला समजावून सांगायला नको. रमजानचा चांद दिसला की त्याच रात्री आपण तरावीहला उभे राहतो. म्हणूनच ३१ ऑक्टोबरच्या रात्रीला एवढे महत्त्व.

पुढे २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरला. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या दिवसांत गरीब माणसे घरोघर जात. त्यांना छोटे गोड केक मिळत आणि ती त्या घरातल्या मयतांसाठी प्रार्थना करत. मागणारा गरीब होता, पण रिकाम्या हाताने आलेला नव्हता. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेने मृतांसाठी प्रार्थना करण्याची शिकवण नाकारली. तरीही चेशायर, श्रॉपशायरसारख्या भागांत मुले पुढेही गाणी म्हणत केक मागत राहिली. दुआ गेली, गाणे उरले. स्कॉटलंडमध्ये मुले वेष बदलून यायची, कविता किंवा गाणे म्हणायची आणि सफरचंदे, अक्रोडासारखा सुका मेवा घेऊन जायची.

१८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक सडले. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि निदान तेवढ्यांनी देश सोडला. त्यातले पुष्कळ अमेरिकेला गेले आणि आपल्यासोबत सणही घेऊन गेले. मायदेशी ते सलगम पोखरून कंदील करत. तिथे मोठा आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला.

अमेरिकेतल्या पुढच्या पिढ्यांत खोड्यांना ऊत आला. फाटके काढून नेणे इथपर्यंत ठीक होते. १९२० आणि १९३० च्या दशकांत शहरांतून काचा फुटू लागल्या. वडीलधाऱ्यांनी मग पोरांना दुसरीकडे गुंतवायचे ठरवले. मिनेसोटातल्या अनोका गावाने १९२० मध्ये याच हेतूने मिरवणूक काढली. त्याच दशकात कॅनडातल्या वृत्तपत्रांत ‘ट्रिक ऑर ट्रीट’ हे शब्द दिसू लागले. खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू! दुसऱ्या महायुद्धात साखरेचे रेशनिंग आले; ते १९४७ मध्ये उठल्यावर ही प्रथा उपनगरांत झपाट्याने पसरली. आता दारातला मुलगा दुआही देत नव्हता आणि गाणेही म्हणत नव्हता. खोडी काढणार नाही, एवढेच त्याचे देणे उरले.

पण माणसे सण पुन्हा घडवूही शकतात. १९५० मध्ये फिलाडेल्फियातल्या काही मुलांनी खाऊऐवजी पैसे मागितले आणि जमलेले १७ डॉलर युनिसेफला पाठवले. जगभरातल्या गरजू मुलांसाठी पैसे जमवण्याची मोठी प्रथा त्यातून उभी राहिली.

नंतर भीती शिरली. १९७४ मध्ये टेक्ससमध्ये एका मुलाचा विषारी मिठाईने जीव गेला. विष घालणारा त्याचा बापच होता, तरी संशय अनोळखी शेजाऱ्यांवर बसला. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी अनेक वर्षांच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने हॅलोविनच्या खाऊत विष घालून मूल मारल्याचे एकही सिद्ध प्रकरण त्यांना सापडले नाही. पण अफवा पुराव्याची वाट पाहत नाही. आईबाप मुलांची थैली तपासू लागले. पुढे काही ठिकाणी दारे सोडून वाहनतळावर गाड्यांच्या डिकीतून खाऊ वाटणे सुरू झाले. बाजार मात्र वाढतच राहिला. २०२३ च्या हॅलोविनला अमेरिकी लोक १२ अब्ज डॉलरहून जास्त खर्च करतील, असा तिथल्या किरकोळ व्यापार महासंघाचा अंदाज होता.

आपल्याकडच्या शहरांतही आता काही मॉलमध्ये आणि शाळांत भोपळे दिसतात. पालक मला विचारतात, मुलांना जाऊ द्यावे का? तो निर्णय ज्याच्या त्याच्या घरचा. मला काळजी वेगळी वाटते. आपल्यापर्यंत या सणाचा फक्त विकता येणारा भाग पोहोचला आहे. त्यात ना शेजाऱ्याचे दार आहे, ना त्याच्या मयतांची आठवण. आपली ईदीसुद्धा मोबाइलवरून पाठवली जाऊ लागली आहे. सलाम करायला दारात येणारी मुले कमी होत आहेत. स्कॉटलंडमधल्या कितीतरी घरांत आजही खाऊ हातात पडण्याआधी मुलाला एखादे गाणे म्हणावे लागते, निदान एक विनोद तरी सांगावा लागतो.