संवेदकाचे आकारमान व जुनी भिंगे

अंकीय कॅमेऱ्यातील जो संवेदक ३५ मिमी. फिल्मच्या २४ × ३६ मिमी. चौकटीहून लहान असतो, त्यास व्यवहारात ‘क्रॉप सेन्सर’ म्हणतात. फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी घडविलेले भिंग अशा कॅमेऱ्यावर बसविले, तरी त्याचे केंद्रांतर बदलत नाही. भिंगाने पाडलेल्या वर्तुळाकार प्रतिमेचा केवळ मधला भाग नोंदला जातो व दृश्यकोन अरुंद होतो.

२४ × ३६ मिमी. चौकट १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्यामुळे रूढ झाली. चित्रपटाच्या फिल्मवरील सुमारे १८ × २४ मिमी.च्या दोन चौकटी एकत्र करून ती सिद्ध झाली होती. पुढे निकॉन (१९५९), कॅनन इत्यादींची भिंगे याच मापास धरून तयार झाली. अंकीय युगात मात्र मोठा संवेदक परवडणारा नव्हता. संवेदकाचे क्षेत्रफळ वाढले की सिलिकॉनच्या एका चकतीतून कमी नग निघतात आणि सदोष नगांचे प्रमाण वाढते. म्हणून १९९९ मधील निकॉन डी १ या कॅमेऱ्यात सु. २३·७ × १५·६ मिमी.चा संवेदक वापरण्यात आला. त्याचा कर्ण फिल्मच्या चौकटीच्या कर्णाच्या सु. दोन-तृतीयांश असल्याने ‘१·५ पट’ हा गुणक प्रचारात आला. कॅननच्या अशा कॅमेऱ्यांत तो १·६ आहे.

या बदलाचा लाभ वा तोटा छायाचित्राच्या विषयावर अवलंबून असतो. बीड जिल्ह्यातील उदाहरणे घेतल्यास, पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्यात ३०० मिमी. भिंगाने टिपलेला मोर फिल्मवर ४५० मिमी. भिंगाने घेतल्याइतका चौकट व्यापतो. उलट, बीड येथील कंकालेश्वर मंदिराच्या मंडपात किंवा चौसाळ्यासारख्या गावातील वाड्याच्या चौकात, जेथे मागे सरण्यास जागा नसते, तेथे अडचण होते. २८ मिमी. भिंगाचा कर्णकोन सु. ७५° वरून ५४° वर येतो व लग्नाच्या समूहचित्रातील कडेची माणसे सुटतात. छायाचित्रकाराची बरीचशी गुंतवणूक भिंगांत असल्याने हा प्रश्न आर्थिकही होता.

उपाय दोन बाजूंनी आले. २००३ मध्ये निकॉनने लहान संवेदकासाठी १२–२४ मिमी. भिंग काढले, कॅननचीही तशी भिंगे त्याच वर्षी आली. ही भिंगे पूर्ण चौकटीवर कोपरे अंधारी ठेवतात. दुसरीकडे कॅनन १ डीएस (२००२), कॅनन ५ डी (२००५) व निकॉन डी ३ (२००७) यांत पूर्ण आकाराचा संवेदक आला आणि जुन्या विशालकोनी भिंगांस त्यांचा मूळ दृश्यकोन परत मिळाला. आरसाविरहित कॅमेऱ्यांवर जोडकड्याच्या साहाय्याने त्यांपैकी अनेक भिंगे आजही वापरता येतात. लहान संवेदकाचे कॅमेरेही टिकून आहेत; जुने भिंग घेताना केंद्रांतराबरोबर संवेदकाचे मापही पाहावे लागते.