‘अहिल्यानगर’ या शब्दाची जन्मकथा



हल्ली लग्नपत्रिकेवर गावापुढे काय छापायचे, यावर घराघरांत चर्चा होते. नवा शब्द जिभेवर रुळायला वेळ लागतोच. म्हणून म्हटले, या शब्दाची थोडी उकल करू या.

आधी जुने नाव. मलिक अहमद निजामशहाने 1490 मध्ये भिंगारजवळ बहामनी सैन्याचा पराभव केला आणि तिथेच सीनेकाठी आपले शहर वसवले. ‘अहमद’ हा शब्द अरबी, अर्थ अत्यंत स्तुत्य. ‘नगर’ संस्कृत. म्हणजे ते नावही कधीतरी नवेच होते आणि दोन भाषांच्या जोडणीतून बनले होते.

आता ‘अहिल्या’. मूळ संस्कृत शब्द ‘अहल्या’. ‘हल’ म्हणजे नांगर. त्यावरून नांगर न फिरलेली भूमी असा एक अर्थ करतात. हल म्हणजे विरूपता, ती जिच्यात नाही ती अहल्या, असा दुसरा. मराठी जिभेने त्यात ‘इ’ घालून आपली अहिल्या केली.

पण नाव पुराणातल्या अहल्येचे नाही. ते आहे जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या लेकीचे. माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी 31 मे 1725 रोजी अहिल्याबाई जन्मल्या. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, 1766 मध्ये सासरे मल्हारराव गेले. पुढे 1795 पर्यंत त्यांनी महेश्वरहून राज्य सांभाळले. आपण हौसेने नेसतो त्या महेश्वरी साडीमागे त्यांनी विणकरांना दिलेला आश्रय आहे. मी कॉमर्सची, म्हणून मला त्यांचा हिशेब फार भावतो. काशी विश्वनाथापासून सोमनाथापर्यंत देवळे, घाट, धर्मशाळा झाल्या, पण दानधर्माचा खर्च राज्याच्या तिजोरीतून नाही, होळकरांच्या खासगीतून. दोन खाती कधी एकत्र केली नाहीत.

31 मे 2023 रोजी चौंडीलाच नामांतराची घोषणा झाली. मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये नाव अधिकृत झाले. महाराष्ट्राच्या 36 जिल्ह्यांत मुंबईला देवीचे नाव आहे; पण इतिहासातल्या स्त्रीचे नाव असलेला जिल्हा हा एकच.

कुणाला आनंद झाला, कुणाला जुने नाव सुटल्याची हुरहुर लागली. दोन्ही मला समजते. लग्नात आपले नाव बदलते, तरी माहेरी आपण जुन्याच नावाने ओळखल्या जातो ना? माझ्या पदवीवर ‘पुणे विद्यापीठ’ आहे. 2014 पासून त्याला सावित्रीबाई फुल्यांचे नाव आहे, आणि त्या सावित्रीबाई शिक्षिकेचे धडे घ्यायला आपल्या नगरलाच, सिंथिया फॅरारबाईंकडे आल्या होत्या. पदवी तीच राहिली, मान मात्र वाढला.

गंमत अशी की ‘नगर’ दोन्ही नावांत तसेच आहे, आणि आपण तर आधीपासून नुसते ‘नगर’च म्हणतो.

आपल्याकडे निक्षेप शिकवतात. नाम-निक्षेपात नाव फक्त ओळखीपुरते असते, गुण असोत वा नसोत. भाव-निक्षेपात नावासारखा गुणही हवा. सरकारने नाम दिले. भाव आणायचा तर घरातल्या लेकीसुनांच्या हाती हिशेबाची वही द्या, त्यांच्या निर्णयाला मान द्या. अहिल्याबाईंना मल्हाररावांनी तेच दिले होते.