तलावांवरचा हवाई मार्ग आणि बुऱ्हाणपूरची तापी

तापीच्या काठी, दक्षिणेच्या जुन्या वाटेवर वसलेल्या बुऱ्हाणपुराला जलविमानांच्या, म्हणजे पाण्यावरून उडणाऱ्या व पाण्यावरच उतरणाऱ्या विमानांच्या, इतिहासात स्थान मिळाले नाही, याचे कारण त्या नदीच्या स्वभावातच आहे. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी तापी उन्हाळ्यात खडकांतून वाट काढते. अशा विमानाला मात्र बारमाही, खोल आणि संथ पाण्याचा लांब सरळ पट्टा लागतो. शहराचे हुकमी पाणी तर जमिनीखाली होते, कारण जहांगिराच्या काळात, 1615 मध्ये, उभारलेल्या कुंडी भंडाऱ्यात सातपुड्याचे झिरपते पाणी भुयारांतून, विहिरींसारख्या कुंड्यांच्या रांगेखालून, शहराकडे आणले गेले होते.

म्हणून मध्य भारतातील जलविमानांचा अध्याय नद्यांपेक्षा संस्थानिकांनी बांधलेल्या तलावांवर अधिक घडला, आणि ही गोष्ट इतिहासकारांनी अधिक आस्थेने पाहावी अशी आहे. 1938 मध्ये इंपीरियल एअरवेजच्या एम्पायर जातीच्या उडत्या नौका कराचीहून राजसमंद, ग्वाल्हेर व अलाहाबादमार्गे कलकत्त्याला जाऊ लागल्या. 114 फूट पंखविस्ताराचे, चार इंजिनांचे हे विमान मेवाडात ज्या पाण्यावर उतरे, तो तलाव महाराणा राजसिंहांनी सतराव्या शतकात दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी बांधायला घेतला होता. पुढचा थांबा मराठी शिंदे घराण्याच्या संस्थानात होता, जिथे माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत सिंचनाची मोठी कामे झाली होती. महायुद्धात सर्वत्र पक्क्या धावपट्ट्या झाल्या आणि या मार्गाची गरज सरली.

उडत्या नौकेच्या तळाशी आडवी खाच असते, तिला पायरी म्हणतात. वेग वाढला की धड पाण्याबाहेर उचलले जाते, पायरीमागे हवा शिरते, पाण्याची ओढ सुटते, आणि मगच विमान वर जाते.

हाच नियम रेडिओ नियंत्रित छोट्या प्रतिकृतींना लागू पडतो. अमेरिकेतील गुड बंधूंनी 1937 मध्ये रेडिओवर चालणारे प्रारूप उडवून या छंदाचा पाया घातला. जलप्रतिकृतीच्या फ्लोटांची, म्हणजे पोकळ तरंड्यांची, लांबी धडाच्या साधारण तीन चतुर्थांश ठेवतात आणि त्यांची पायरी गुरुत्वमध्याच्या किंचित मागे आणतात. ती फार मागे गेली तर नाक वर उचलत नाही आणि प्रतिकृती पाणी कापत नुसतीच धावत राहते. तिला लागणारे पाणी इतके थोडे असते, की पावसाळा ओसरल्यावर तापीचा एखादा शांत डोहही पुरेसा ठरू शकतो. जमीन व पाणी या दोन्हींवर चालणाऱ्या प्रकारात, ज्याचा आरंभ ग्लेन कर्टिसने 1911 मध्ये फ्लोटाला चाके जोडून केला, पाण्यावर उतरण्यापूर्वी चाके वर ओढून घेणे अत्यावश्यक असते, कारण खाली राहिलेली चाके पाण्यात रुतली की विमान नाकावर उलटते.